साडीआडचे स्पीकर

माझ्या कानांची कीर्ती अशी, की पलीकडच्या गल्लीत कुणी तंबोरा नुसता पुसायला घेतला तरी त्याची पंचमाची तार उतरलीय हे मी इथे जेवताजेवता सांगायचो. निदान मी तरी सगळ्यांना तसं सांगत आलोय. म्हणूनच दुकानदाराने स्पीकरच्या दोन जोड्या घरी पाठवल्या. "ऐका आणि आवडेल ती ठेवा," म्हणाला.

डोळ्यांनी लबाडी करू नये म्हणून बायकोची जुनी सुती साडी दोरीवर टाकून स्पीकर झाकले. ती साडीमागे बसून तारा बदलणार, मी समोर बसून न्याय देणार.

तंबोरा सुरू झाला. "ही पहिली जोडी, मधासारखी!" मी गरजलो. "आणि आता ही दुसरी, जरा कोरडी."

"अहो न्यायाधीश, मी अजून बदललीच नाही!" ती साडीमागून ओरडली.

दोघंही हसलो. मग तिने खरंच बदलली, पुन्हा बदलली. मला दोन्ही सारख्याच लांबच्या वाटल्या, नदीपलीकडच्या देवळातल्यासारख्या. तंबोऱ्याची ती वरची झणझण, जिच्यासाठी जन्मभर बढाया मारल्या, कुठल्याच खोक्यात नव्हती. कित्येक वर्षं मी नुसती आठवण ऐकत असेन आणि तिलाच सूर म्हणत असेन. आता कितीही भारी खोकी आणली, तरी सूर माझ्या उंबऱ्याशीच थांबणार.

साडी बाजूला सारून बायकोने डोकं बाहेर काढलं. तिचे ओठ हललेले दिसले, शब्द मात्र पोचले नाहीत.

"वा!" मी मोठ्याने म्हणालो. "हीच ठेवू या."