सारखाच वेळ

वडिलांचं दुकान वाटून घेतल्यापासून माझे दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनी एकाच वर्षी जोरदार इंजिनाच्या एसयूव्ही घेतल्या. कोणाची गाडी आधी वेग धरते हे ठरवायला त्यांनी मला देवळीच्या सरळ रस्त्यावर बोलावलं. मी शाळेत खेळ शिकवायची, म्हणून स्टॉपवॉच माझ्याकडे होतं.

दोघांनी आळीपाळीने गाड्या दामटल्या. थोरला एका सेकंदाने पुढे होता. निदान आता तरी हसतील म्हणून मी म्हणाले, "दोघांलेही सारखाच वेळ लागला."

थोरला भडकला. "खोटं काऊन बोलून राह्यली? त्याचीच बाजू घेतं तू!"

"मले तुई दया नको," धाकटा म्हणाला.

दोघं निघून गेले. मी एसटीने घरी आले. त्या दिवसापासून ते माझ्याशीही बोलेनासे झाले.