मंजूर म्हणणारा हात

अध्यक्षांनी माझा निबंध चिमटीत धरला. मेलेला उंदीर धरतात तसा. दौंडच्या कॉलेजात बक्षीस समारंभ होता. पहिलं बक्षीस घ्यायला मी व्यासपीठावर उभी.

"आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांचे शेअर बाजार," त्यांनी माईकवर वाचलं. "अगं पोरी, तुला शिरूरचा बाजार तरी ठाव हाय का?"

हशा. प्राध्यापकही हसले. हसावंच लागे. ते संस्थेचे अध्यक्ष, साखर कारखान्याचेही अध्यक्ष.

मी काय लिहिलं होतं? गोरे गेले, झेंडे बदलले. नव्या सरकारांनी शेअर बाजार उघडले. परक्यांच्या कंपन्यांची मालकी आपल्या लोकांत वाटली जाईल म्हणाले. नायजेरियात तर तसा कायदाच झाला. शेअर गेले कुणाकडे? ज्यांची वर ओळख, ज्यांना बँक खुर्ची देऊन कर्ज देते, त्यांच्याकडे. त्यांनी ते कपाटात ठेवले. बाजार उघडा, विकणारा कुणी नाही. कोको पिकवणारा दाराबाहेरच. शेवटचं वाक्य होतं: 'आपल्या सहकारातही भागधारक मालक असतो, फक्त कागदावर.'

त्या वाक्यावर अध्यक्षांचं बोट थांबलं. मग त्यांनी मागच्या रांगांकडं पाहिलं.

शेवटच्या रांगेत माझे अब्बा होते. मांडवगण फराट्याहून एसटीनं आलेले, इस्त्रीचा सदरा घालून. एक एकर ऊस, कारखान्याचा एक शेअर. दरवर्षी ते कारखान्याच्या सभेला जात. तिथली रीत ठरलेली. ठराव वाचायला सुरुवात झाली की पुढचे ओरडणार, "मंजूर!" मागच्यांनी हात वर करायचे. ठराव पुरा ऐकायचा नाही.

"काय चाचा," अध्यक्ष म्हणाले, "पोरगी लई शिकली. आता पुण्याला धाडू नका, लगीन लावून टाका. मंजूर का?"

अब्बांचा हात वर गेला. "मंजूर, मंजूर!"

लोक हसून लोळले. माझ्या पिशवीत पुण्याच्या एम.ए.चा अर्ज होता. त्यावर आदल्याच दिवशी याच हातानं सही केली होती. मला किळस आली. अध्यक्षांची, त्या हशाची. आणि खोटं कशाला बोलू, त्या हाताचीही.

मी माईक ओढला.

"नामंजूर."

"आँ?"

"ठराव नामंजूर. माझा निबंध द्या."

निबंध घेतला. बक्षीस टेबलावरच ठेवलं.

स्टँडवर अब्बा म्हणाले, "ध्यान नव्हतं बेटा. साहेबांचा आवाज आला, हात आपसूक वर गेला." मग म्हणाले, "आता कारखान्याची तोड आपल्या उसाला कवा यायची?"

तोड आली, सगळ्यांच्या शेवटी. तोवर उसाला तुरे फुटून वजन घटलं होतं. तरी पुढच्या सभेला अब्बा गेलेच. पुण्याहून मीही आले, मांडवाच्या कडेला उभी राहिले. ठराव सुरू झाला. अब्बांचा हात गुडघ्यावर चुळबुळला, आणि वर गेला.

मी तो धरला नाही. माझ्या जोरानं खाली आलेला हात काय कामाचा? तो त्यांनीच खाली ठेवायचा. तोवर मी दरवर्षी येईन. सभासद नाही म्हणून हाकलतील, तर मांडवाबाहेरून ओरडेन. माझ्या बापाच्या मताविरुद्ध ओरडेन.

नामंजूर.