न फाडलेला कागद

दिवाकर गेला हे कळलं तेव्हा मी जरीपटक्याच्या बाजारात मेथीवालीशी घासाघीस करत होतो. फोन सुमनवहिनींचा होता. "मास्तर, हे गेले जी," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला. मी मेथी पिशवीत टाकली, चार पावलं चाललो आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग. आठच दिवसांपूर्वी या माणसाने रामदासपेठेतल्या इस्पितळात माझा हात हातात घेऊन मला एक शब्द दिला होता, आणि तो पुरा न करताच तो निघून गेला... शब्द देऊन निघून जाण्याची त्याची ही पहिली वेळ नव्हती.

दिवाकर गिरडकर दोनदा अपक्ष आमदार झाला, पुढे काही काळ राज्यमंत्री होता. त्याला पाडायला ज्यांनी जंग जंग पछाडलं, त्यांनीच शोकसभेत गहिवरून भाषणं केली. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही आपली जुनीच रीत आहे. मी त्याचा शाळेपासूनचा मित्र, म्हणून मी जरा कमी दूध सांगतो. भिवापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी त्याच शाळेत मराठीचा मास्तर झालो आणि त्याने मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान टाकलं. सभा कोणत्याही पक्षाची असो, भोंगे दिवाकरचेच. खांबाजवळ उभा राहून वायरी सांभाळत त्याने पंधरा वर्षं सगळ्यांची भाषणं ऐकली, आणि एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाला, "सगळ्याइचं बोलणं माह्याच भोंग्यातून गेलं गा मास्तर. एकाचंही खरं झालं नाही. आता भोंगा माहा हाये, त बोलणंही माहंच राहू दे." असा तो निवडणुकीला उभा राहिला.

अपक्षाला चिन्ह मिळतं ते आयोगाच्या यादीत उरलेल्यांतून. दिवाकरला मिळाला खलबत्ता. मी कपाळाला हात लावला, तर हा हसायला लागला. "मिरचीच्या गावात खलबत्ता भेटला, अन् तू रडून राहिला?" त्याचं खरं होतं. प्रचाराच्या पहिल्याच दिवशी चंद्रकलाबाई नावाची एक म्हातारी घरातून आपला लोखंडी खलबत्ता उचलून दारात घेऊन आली, बत्त्याचे दोन ठोके दिले आणि म्हणाली, "हे माहं मत, भाऊ." झालं. मग आम्ही ज्या गावात शिरायचो तिथे दारोदारी बाया दोन ठोके द्यायच्या. तो आवाज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचा आणि दिवाकरच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खरं होतं, यावर माझा अजूनही विश्वास आहे. दिवाकर निवडून आला.

आता कागदांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. दिवाकरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्याची सगळी पत्रं मी लिहायचो. अर्ध्या तालुक्याचे अर्ज माझ्याच हातचे, त्यामुळे माझं अक्षर लोक लांबूनही ओळखायचे. शाळेच्या मास्तराने असं करणं नियमात बसत नव्हतं, पण शाळा सुटल्यावर कोण कोणाला विचारतो! कोणताही मोठा निर्णय आला की दिवाकर म्हणायचा, "दोन लिह. एक 'हो'चा, एक 'नाही'चा." मग बाजाराच्या दिवशी बाजारपटांगणात लोकांना बसवायचं, दोन्ही कागद मी मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी हात वर करायचे. लोकांना नको असलेला कागद दिवाकर तिथेच, सगळ्यांसमोर, टराटरा फाडायचा. राहिलेल्यावर माझ्या पाठीवर कागद ठेवून सही करायचा. पहिल्या वेळी सरकार पक्षाने पाठिंबा मागितला तेव्हाही असंच ठरलं. त्या दिवशी दोन गावांच्या बसगाड्या उशिरा येत होत्या. पक्षाचा माणूस गाडीत घड्याळ बघत बसला होता. "करा ना भाऊ, चार माणसं कमी असली त काय झालं?" दिवाकर म्हणाला, "मानसं बसल्याबिगर कागद फाडत नसतो आम्ही." दीड तास त्या माणसाला ताटकळत ठेवलं. लोक आले, बसले, नाही म्हणाले आणि पाठिंब्याचा कागद फाटला. पाच वर्षं आमच्याकडचे रस्ते तसेच खड्ड्यांचे राहिले, पण लोक ताठ मानेने सांगत, आमचा आमदार आमाले विचारते.

दुसऱ्या निवडणुकीत मी घरोघर फिरलो. लोक त्याला नाही, मला विचारायचे, "मास्तर, भाऊ विकला त नाही जानार?" आणि मी छातीवर हात ठेवून म्हणायचो, "माझा शब्द." तो जास्त मतांनी निवडून आला आणि मुंबईत कोणालाच बहुमत मिळालं नाही. एकेका अपक्षाला सोन्याचा भाव आला. मी नेहमीप्रमाणे दोन पत्रं लिहिली. पाठिंब्याच्या पत्रात मी एक वाक्य घातलं होतं, 'मतदारसंघातील जनतेचा कौल घेऊनच मी हा निर्णय करीत आहे.' मला ते वाक्य आवडलं होतं, मास्तरकीची खोड. दिवाकर दोन्ही कागद निळ्या फाईलमध्ये ठेवून म्हणाला, "मुंबईले जाऊन त्याइचं ऐकून येतो. बाजाराच्या दिवशी सकाळीच हजर. तू मानसं बसवून ठेव." "कागद कशाला नेतो?" मी विचारलं. "गाडीत वाचतो ना गा..."

मी माणसं बसवून ठेवली. बाजारपटांगण गच्च भरलं होतं, लोक झाडावर चढले होते. अकरा वाजले, बारा वाजले. "येतोच आहे, रस्त्यात आहे," असं मी त्याच्याच भोंग्यातून सांगत राहिलो. दिवाकरचा फोन बंद होता. एकच्या सुमारास गर्दीत मोबाईलभोवती घोळके व्हायला लागले. एक घोळका माझ्याकडे आला आणि त्यांनी मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला. दिवाकर गळ्यात हार घालून राजभवनाबाहेर उभा होता आणि हातातलं पत्र कॅमेऱ्यांना दाखवत होता. अक्षर माझं होतं. बातमी देणारी मुलगी तेच वाक्य वाचत होती, जनतेचा कौल घेऊनच... आणि जनता माझ्यासमोर मांडी घालून बसली होती.

कोणी दगड मारला नाही, कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर सोपं गेलं असतं. लोक उठले, धोतरं-लुगडी झटकली आणि निघाले. चंद्रकलाबाई माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मास्तर, तुमाले मालूम होतं. म्हनूनच आमाले इथं बसवून ठेवलं." मी सांगितलं, मी दोन कागद लिहिले होते. ती म्हणाली, "दुसरा कुठी हाये? दाखवा." माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मग गावभर तेच झालं, मास्तरने या खेपेला एकच कागद लिहिला. ज्यांच्या पोरांना मी बाराखडी शिकवली ते अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे थांबले. निवृत्त झालो तसा मी भिवापूर सोडून लेकीजवळ शहरात जरीपटक्याला आलो. लोक म्हणाले, मंत्र्याने फ्लॅट दिला असेल. पुढच्या निवडणुकीत दिवाकर पक्षाच्या चिन्हावर उभा राहिला, तेव्हा बायांनी दारादारात खलबत्ते पालथे घालून ठेवले होते म्हणे. तो पडला. मला आनंद झाला नाही, पण झोप चांगली लागली, हे लपवत नाही.

सात वर्षं आम्ही बोललो नाही. मग वहिनींचा निरोप आला, "तुमची आठवन काढून राहिले," आणि मी रामदासपेठेत गेलो. भोंग्यांच्या जड पेट्या एकट्याने उचलणारा माणूस पलंगावर चादरीएवढा उरला होता. मी ठरवून गेलो होतो की काही विचारायचं नाही, आणि बसल्या बसल्या विचारलं, "काहून केलं दिवाकर?" तो छताकडे पाहत म्हणाला, "दोन्ही कागदांवर सही करून गेलो होतो गा. खरंच परत येनार होतो. त्याइनं ऐन टायमावर असं घेरलं... हात कोन्त्या कागदावर गेला, मलेच समजलं नाही." मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं मला. दोन्हीवर सही होती म्हणजे माझा मित्र निघाला तेव्हा तरी खरा होता, घाबरला तो तिकडे गेल्यावर, आणि घाबरतं कोण नाही? मी म्हटलं, "मग एकदा भिवापुरात सांग, की मास्तरला माहीत नव्हतं. बाकी मला काही नको." त्याने माझा हात दाबला. "बरा झालो का बाजारातच सांगतो. भोंगा लावून सांगतो." आम्ही दोघंही हसलो. मी इस्पितळाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा सात वर्षांचं ओझं खाली ठेवून उतरलो होतो.

तेरवीला भिवापूरला गेलो. पंगतीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. निघताना सुमनवहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. खोलीत जुने भोंगे एकावर एक रचलेले होते, वर धूळ. त्यांनी गादीखालून निळी फाईल काढली. "हे तुमचं हाये जी. मले वाचता येते, म्हनून देऊन राहिले. काय कराचं ते करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन फाईल उघडली. आत एकच कागद होता, 'नाही'चा. माझं अक्षर, माझा मायना, खाली 'आपला, दिवाकर गिरडकर' आणि त्यावर सहीची जागा... कोरी. उजेडात धरून पाहिला, पालथा करून पाहिला. सही नव्हती. कधी नव्हतीच. तो भिवापुरातून निघाला तेव्हाच ठरवून निघाला होता. मी पटांगणात माणसं बसवत होतो तेव्हा त्याला माहीत होतं की तो येणार नाही. आणि मरणाच्या दारात, माझा हात हातात घेऊन, तो माझ्याशी पुन्हा खोटं बोलला. पहिला दगा त्याने सगळ्या गावाला दिला होता, मी त्यात एक होतो. हा दुसरा फक्त माझ्यासाठी, जपून ठेवलेला. त्या रिकाम्या जागेकडे पाहून मी अखेर रडलो, आणि रडतानाही त्याला शिव्याच देत होतो.

सगळा राग ओतूनही एक गोष्ट उरते. हा कागद त्याने फाडला का नाही? घरात चूल होती, विहीर होती, सात वर्षं होती. हा नसता तर कोणाला काही कळलं नसतं. मी दोन कागद लिहिले होते याचा जगात हा एवढाच पुरावा, आणि दिवाकर खोटा होता याचाही हाच. एक दाखवायचं तर दुसरं झाकता येत नाही. वहिनींना हे कळलं होतं, म्हणूनच त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

गेले तीन आठवडे कागद आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पडून आहे. उडू नये म्हणून त्यावर प्रचाराच्या दिवसांत घरी आलेला खलबत्ता ठेवला आहे. माझी बायको शोभा रोज सकाळी चहाचं आलं कुटायला तो उचलते आणि पुन्हा कागदावर ठेवते. परवा ती वैतागली. "गेलेल्या मानसाचं कायले उकरता? फाडून टाका ना तो कागद, मोकळे व्हा." आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं, विचार करायच्या आधीच, त्याच्याच बोलीत, "मानसं बसल्याबिगर कागद फाडत नसतो आम्ही."

 शोभाने आल्याचा तुकडा खलात टाकला. येत्या बाजाराला मी भिवापूरला जाणार आहे. भोंगा नाही, त्यामुळे मोठ्याने वाचावं लागेल. कोणी बसेल का, माहीत नाही. चंद्रकलाबाई अजून आहे म्हणतात.