गेनही हवा, वेगही हवा

ताई एका छोट्या कंपनीत वैद्यकीय यंत्रांसाठी चिप डिझाइन करायची. आवाज खणखणीत, आणि हट्टी इतकी की तिच्याशी वाद घालायचा तर माणसं आधी पोटभर जेवून घेत. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा.

एका वर्षी तिच्या आईचे पाय बधिर व्हायला लागले. नसांच्या तपासणीसाठी ताई तिला दवाखान्यात घेऊन गेली. या तपासणीत पायाला विजेचा हलकासा झटका देतात आणि नस काय उत्तर देते ते यंत्र टिपतं. आई दात आवळून झटके सोसत होती, पण पडद्यावर काही उमटेना.

"अजून एकदाच हं, आजी," तपासणारी मुलगी ओशाळून म्हणाली.

"अगं, पाय बधिर झालाय म्हणून आणलंय ना मला? झटका तर चांगलाच लागतोय!" आई म्हणाली.

घोडं कुठे अडतंय ते ताईने ओळखलं. नसेचं उत्तर अगदीच क्षीण असतं. ते हजारो पट मोठं करायला आत ॲम्प्लिफायर लागतो; या पटीलाच गेन म्हणतात. झटक्याने तोच सुन्न होतो आणि भानावर येईपर्यंत उत्तर येऊन गेलेलं असतं.

आईचं निदान पुढे दुसऱ्या दवाखान्यात झालं, औषधं लागू पडली, ती हिंडूफिरू लागली. ताईच्या डोळ्यांसमोरून मात्र तो कोरा पडदा हलेना. कंपनीकडे अशाच यंत्राच्या चिपचं काम आलं तेव्हा ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

"हे मला द्या."

"एवढा गेन एका टप्प्यात मिळणार नाही, तीन टप्पे लागतील," साहेब म्हणाले. "तीन टप्पे जोडलेस की सर्किट शिट्ट्या मारणार. शिट्ट्या थांबवायला मोठा कपॅसिटर घातलास की त्याचं कासव होणार. गेन घे, नाहीतर वेग घे."

"दोन्ही घेणार."

साहेबांचं खोटं नव्हतं. प्रत्येक टप्प्यात सिग्नलला थोडा उशीर होतो. तो साठत गेला की सर्किटला आवरायला मागे पाठवलेला सिग्नल अवेळी पोचतो, आणि आवरायचं सोडून आगीत तेल ओततो; तीच ती शिट्टी. ताईने घरी हे समजावलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे आपल्याच घरासारखं की! आई तुला सांगते, तू मला सांगतेस, तोवर दूध उतू गेलेलं."

ताईने पहिल्या दोन टप्प्यांना बगल देणारी एक वाट काढली, सुरुवातीपासून थेट शेवटच्या टप्प्यापर्यंत. जलद बदल त्या वाटेने जातील, गेन तीन टप्पे सांभाळतील. युक्ती या धंद्यात जुनीच. पण इतक्या क्षीण सिग्नलसाठी ती वापरायला कोणी धजावत नव्हतं. का, ते पहिली चिप बनून आल्यावर कळलं. शिट्टी नव्हती, वेग झकास होता. पण झटका दिला की पडद्यावरची रेघ उसळून झरकन खाली यायची आणि सपाट व्हायच्या आधी अगदी तळाशी रेंगाळायची. एक लांबलचक शेपूट.

"नव्व्याण्णव टक्के जमलंय," साहेब म्हणाले. "थांबू या इथे."

"नसेचं उत्तर उरलेल्या एका टक्क्यातच आहे, साहेब."

त्या दिवशी घरी येऊन तिने कपाट उपसलं, काही अडलं की उपसायची तसं. कपड्यांचा ढीग बघून नवऱ्याने विचारलं, "हरलीस की काय?"

"कपाट आवरतेय," ती फणकारली.

दोन वाटा जिथे एकत्र येतात तिथला सांधा तंतोतंत जुळत नव्हता, म्हणून शेपूट. आणि तो कधीच जुळणार नव्हता, कारण कारखान्यातून येणारी प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते. हे मान्य करायला तिला बरेच दिवस लागले. मग तिने सांधा जुळवायचा नाद सोडला. आधीचे दोन टप्पे आणखी चपळ केले. त्यापायी थोडा गेन सोडला, वीज थोडी जास्त खर्ची घातली. शेपूट राहणारच होतं, पण आता ते नसेचं उत्तर यायच्या आत विरणार होतं. गिऱ्हाइकाच्या माणसांशी विजेवरून ती तासन्‌तास भांडली, आणि चिपचा नकाशा काढणाऱ्या मैत्रिणीकडून तो तिने इतक्यांदा बदलून घेतला की मैत्रीण म्हणाली, "पुढच्या जन्मी मी तुझी साहेब होणार."

दुसरी चिप आली. ताईने बाही सरसावून स्वतःच्याच मनगटाला तारा लावल्या. झटका बसला, बोट उडालं, रेघ कोसळली, सपाट झाली. आणि त्या सपाटीवर एक छोटासा स्वच्छ उंचवटा उठला. पुन्हा झटका, पुन्हा उंचवटा, त्याच जागी.

मग साहेबांनी घड्याळ काढून हात पुढे केला. "माझी नस शाबूत आहे का, बघ जरा."

गेन मागितल्याहून थोडा कमी भरला. गिऱ्हाइकाने कुरकुर करत तो चालवून घेतला. यंत्रं दवाखान्यांत पोचली तेव्हा ताई नव्या चिपवरून वाद घालायला साहेबांच्या खोलीत उभी होती, आणि साहेब अजून जेवले नव्हते.