शादुलचाचांच्या पिकअपची दांडी

शादुलचाचांचा अपराध मी केला — दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चाचा पहाटेच्या नमाजाला गेले होते तेव्हा. नव्या जिल्ह्यासाठी मी माईकवर गळा फाटेस्तोवर बोलले, हे मात्र गिळून बसले. घरी नाही, जिल्हा मागणाऱ्या आमच्या समितीत नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

चाचा मुखेडहून आमच्या गावाला पिकअपमधून पाणी आणत. वाटेत नाल्यापाशी एक वळण आहे. तिथं गाडी एका अंगाला अशी झुकायची की टाकीच्या तुटक्या झाकणातून पाणी भसाभस रस्त्यावर! आणि मी? मी खूश. माझ्या पत्रकाचा मथळाच तो होता — ‘पाणी पितो रस्ता, माणसं तहानलेली! नवा जिल्हा झालाच पाहिजे!’ जिल्ह्याचं ठिकाण लांब, म्हणून आमच्या रस्त्याला वाली नाही. हे खोटं होतं का? नव्हतं. आजही नाही.

पण चाचांनी नांदेडहून एक दांडी आणली. जाड, वाकवलेली, लोखंडी. मागच्या चाकांच्या मधे बसते, दोन्ही टोकं वर चेसीला जोडायची, म्हणजे वळणावर गाडी झुकत नाही. काय दिवस होता तो! ऐन पाडवा. चाचा पोत्यावर उताणे, अर्धे गाडीखाली. मी बाहेरून नट कसायचे पाने देत होते.

"बेटी, चौदाचा दे. अगं, हा सतराचा! जिल्हा मागून राहिलीस न् पाना वळखू येत न्हाई?"

दांडी बसली. मी घरची साखरेची गाठी गाडीच्या आरशाला बांधली. भरली टाकी घेऊन त्या वळणावरून गेलो — थेंब सांडला नाही! गावात पोचताच शेजारच्या पारूआत्यांनी घागरीवर ताल धरला. चाचा ओरडले, "जिल्हा होईल तवा होईल, दांडी तर झाली!" सगळ्यात जास्त मीच हसले. खरंच हसले.

मग आठवलं. दुसऱ्या दिवशी पेपरवाले येणार होते — सांडणाऱ्या पाण्याचा फोटो घ्यायला. मीच बोलावलेले.

आलं लक्षात?

"गाडीकडं बघ जरा, आलोच," म्हणून चाचा मशिदीत गेले. मी गाडीकडे बघितलं — खालून. चौदाचा पाना आता ओळखू येत होता. दांडीच्या दोन्ही टोकांचे नट काढले न् ओढणीच्या गाठीत बांधले. गाडी उलटली असती तर? तेव्हा हा प्रश्न मनात आलासुद्धा नाही.

फोटो झकास आला. टाकी अर्धी रिकामी झाली. पारूआत्या कोरडी घागर घेऊन चौकात म्हणाल्या, "चाचा, ही गाडी हाय का विष्णुपुरी धरणाचा सांडवा?" हशा पिकला. मीही हसले — मोठ्यानं. चाचा गाडीखाली शिरले, बाहेर आले, तोंड एवढंसं. "नट पडले. म्याच नीट कसले नसतील."

आणि मी काय म्हणाले? "हाव चाचा, होतं असं. वय झालं."

सरकारनं आमचं पाणी पळवलं म्हणून मी सभा गाजवल्या. त्या सकाळी पारूआत्यांचं पाणी कुणी पळवलं?

दुपारी चाचांनी नवे नट आणले, दांडी परत जोडली. पाने मीच दिले. "शाब्बास," म्हणाले. ती दांडी अजून घट्ट आहे. टाकी काठोकाठ गावात येते आणि त्या वळणावर आम्ही अजूनही खुशीनं आरोळी ठोकतो. जिल्हा? तो व्हायचाय. पण चाचांना नाव पडलं ते पडलंच. गाडी दिसली की अख्खा चौक ओरडतो — "सांडवा आला, सांडवा!" चाचा हात हलवतात. त्यांना वाटतं, चूक त्यांचीच होती.

तर ऐका. उद्यापासून त्यांना शादुलचाचा म्हणा. फक्त शादुलचाचा. आणि सांडवा म्हणून कुणाला हाक मारायचीच असेल तर खुशाल मारा — मी त्याच चौकात पत्रकं वाटत उभी असते.