येसूबाईचा भागाकार

सानपाड्याच्या मासळी बाजारात येसूबाईच्या वाटेला कोणी जात नाही. "बांगडा ताजा आहे ना?" एवढं विचारलं तरी ती कल्ला उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरते आणि म्हणते, "घे, तूच बग. डोलं दिलंत ना देवानं?" नव्या माणसाला वाटतं, काय भांडकुदळ बाई आहे! जुन्यांना ठाऊक आहे, पाच वर्षांपूर्वीपर्यंत हीच बाई मूठभर कोळंबी वरून टाकायची आणि पोराबाळांची चौकशी करायची. राग तिला जन्माचा नाही. नवरा गेल्यापासूनचा आहे.

नवरा तुळशीराम. येसूबाईच्याच तळवली गावचा. पावण्याच्या एमआयडीसीत नट-बोल्टच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं मशीनवर उभा राहिला. गरीब माणूस, बायको बोलते म्हणून आपण बोलायची गरज नाही असं मानणारा. हौस म्हणाल तर एकच, खाडीतल्या निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. कारखान्यात दरवर्षी तपासणीचा कॅम्प लागायचा. रांगेत उभं राहून रक्त द्यायचं, आठ दिवसांनी कागद घ्यायचा. एके वर्षी त्याच्या कागदावर कोलेस्टेरॉल दोनशे चौदा आलं. टेबलामागच्या माणसाने मानसुद्धा वर न करता सांगितलं, "रक्तात चरबी आहे. मासे, मटण, तेलकट बंद. चला, पुढचा."

झालं! येसूबाईने त्या दिवशी घरात मासळी बंद केली. जिचा जन्म मासळीत गेला तिच्या चुलीवर मासळी नाही, गावात हसायला एक विषय झाला. शेजारणी म्हणायच्या, "येसू, माळ घातलीस काय गो?" ती ऐकून घ्यायची. नवऱ्याचा जीव मोठा, की लोकांचं तोंड? पण कष्टाच्या माणसाचं पोट रिकामं ठेवून कसं चालेल? म्हणून कालवण गेलं तिथे वरण आलं, आणि वरणाबरोबर भात दुप्पट. दोन भाकऱ्यांच्या तीन झाल्या. गुरुवार-शनिवार साबुदाणा. चार वाजता गोड चहाबरोबर टोस्ट, कारण टोस्ट हलका. आणि रविवारी फळाचा रस खोक्यातला, कारण फळ औषधी. तुळशीराम मुकाट्याने खायचा. कधीमधी एवढंच म्हणायचा, "निवट्यांचा वास तरी दे गो."

वर्षाने कागद आला. कोलेस्टेरॉल एकशे बहात्तर! वर शिक्का, "नॉर्मल". खाली एका ओळीपुढे फुली होती, पण कॅम्पवाला म्हणाला, "ते थोडं वर आहे, चालतं." येसूबाईने आळीत पेढे वाटले. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, तुळशीराम मशीनपाशी बसला तो उठलाच नाही. वय एक्कावन्न. दवाखान्यात सांगितलं, हार्ट अॅटॅक. येसूबाईने तिथेच तो कागद काढून डॉक्टरच्या तोंडासमोर नाचवला. "नॉर्मल लिवलाय हिथं! शिक्का हाय! मग मेला कसा?" तेव्हापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात आहे, ती खाली उतरलेली नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मुलगा प्रितम तिशीचा, तोही पावण्यालाच, दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर. हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे. बाप गेल्यावर घरात मासळी पुन्हा शिजायला लागली होती, पण प्रितमला भाताचा डोंगर लागायचा, दिवसातून दोन बाटल्या कोल्ड्रिंक लागायचं आणि शनिवारी मित्रांबरोबर बसायला लागायचं. एक दिवस तो घरात शिरला तो कागद फडकवतच. "आये, बग! एकशे शहात्तर. एकदम नॉर्मल!"

तो शब्द ऐकला आणि येसूबाईच्या हातातलं ताट पडलं. प्रितमला वाटलं, आनंदाने पडलं.

दुसरा दिवस रविवार. रविवारी तिच्याकडे बाजारात मासळी घ्यायला अमिता मॅडम यायच्या. सानपाड्यालाच राहायच्या, तिथेच त्यांचा दवाखाना. आतापर्यंत येसूबाईने त्यांना सुरमईशिवाय दुसरं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने कागदच पुढे केला.

"डॉक्टरीनबाय, नॉर्मल म्हंजे काय वो? माझा नवरा नॉर्मल मेला. आता पोरगा नॉर्मल झालाय."

अमिता मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि कागद वाचला. मग म्हणाल्या, "मावशी, ही वरची बेरीज नॉर्मल आहे. पण बेरजेत काय काय आहे ते बघायचं असतं. ही ओळ बघा, ट्रायग्लिसराइड. भात, साखर, दारू गरजेपेक्षा जास्त झाली की शरीर त्याची चरबी करतं, ती ही. ही दोनशे सतरा. आणि ही दुसरी ओळ, एचडीएल, चांगलं कोलेस्टेरॉल. ते एकतीस, म्हणजे कमी. आता पहिल्याला दुसऱ्याने भागा."

"सात," येसूबाई म्हणाली. मॅडम मोबाइल काढत होत्या, तोवर हिचं झालंसुद्धा.

"बरोबर, सात. दोनच्या आत असलं तर बरं. तीनच्या वर गेलं की सावध व्हायचं. हा नुसता ठोकताळा आहे हं, यावरून रोग ठरत नाही. पण सात म्हणजे शरीराला साखर नीट वापरता येत नाहीये, अशी दाट शंका घ्यायची. पुढे डायबेटिस, हृदय, सगळं त्याच वाटेवर असतं. आपल्याकडे पोट सुटलेल्या बारीक माणसांत हे फार."

येसूबाईने बाजूची टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "म्हंजे टोपली भरली दहा किलो. काटा बराबर. पन आत मासली किती आनि बर्फ किती, ते कोनी बगितलाच नाय."

"अगदी तेच."

"आनि ह्यो भागाकार कराला किती शिकाया लागतो?"

येसूबाई चौथी पास. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्या डोक्यात गुणाकार-भागाकारच चालू असतात. आणि त्या कॅम्पवाल्या शहाण्याला दोन आकडे एकमेकांखाली मांडता आले नाहीत? तिने कोयता ओट्यावर असा आपटला की शेजारची मासळीवाली पुतळा दचकून उठून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला त्यांनी मासली बंद कराला सांगितलेली," ती म्हणाली.

"मासळी?" अमिता मॅडम सहज बोलून गेल्या. "मासळी कशाला बंद करायची? ती तर ठेवायला हवी होती. कमी करायचा तो भात आणि साखर."

चोर सोडून संन्याशाला फाशी! येसूबाईच्या तोंडात एक प्रश्न आला. तो तिने तसाच गिळला, सुरमई कापली, पैसे न घेताच पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकावर विनाकारण खेकसली.

घरी जाऊन तिने ट्रंकेतून तुळशीरामचा शेवटचा कागद काढला. फुलीची ओळ तीच, ट्रायग्लिसराइडची, दोनशे अठ्ठ्याऐंशी. दुसरी, बत्तीस. नऊ. बाकी शून्य. भाग जाताना अडकलासुद्धा नाही, मेला.

मग सुरू झालं प्रितमच्या मागे लागणं. भात कमी कर, बाटली फेकून दे. प्रितम हसण्यावारी न्यायचा. "आये, टेन्शन नको घेऊ. कंपनीचा डॉक्टर येडा हाय काय?" सून भाग्यश्री सासूच्या बाजूची, पण तिचं ऐकतो कोण? शेवटी ठिणगी पडली ती येसूबाईच्या पुतण्याच्या, मितेशच्या हळदीत. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाला मागे सारते. डीजे, मटणाचे टोप, भाताच्या पराती, आणि मांडवाच्या मागे पुरुषांचं वेगळंच कीर्तन. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच प्रितमच्या हातात ग्लास होता, त्यात अर्धं कोल्ड्रिंक. येसूबाई सरळ पुरुषांच्या घोळक्यात घुसली. तिने ग्लास हिसकावला आणि मांडवाच्या खांबाशी ओतला.

"सात हाय तुजा! सात! बापसाचा नऊ व्हता! दोनाचा फरक ऱ्हायलाय, तो आज भरून काढतस काय?"

डीजे नेमका तेव्हाच थांबलेला. सगळा मांडव बघायला लागला. कोणीतरी म्हणालं, "येसूकाकी डॉक्टरीन झाली रे!" आणि हशा पिकला. प्रितमचं तोंड लाल झालं. चारचौघांत आईने असं केलं, तर कुठला पोरगा ऐकून घेईल?

"बापसाला वरीसभर पथ्यावर ठेवलंस," तो ओरडला. "ताटात मासा दिला नाय. मेला ना तरी? काय उपेग झाला तुज्या पथ्याचा?"

जिच्यापुढे बाजार उभा राहत नाही ती येसूबाई मागे वळली. रिकामा ग्लास तिने खुर्चीवर ठेवला आणि चालत घरी आली. चीड अशी आली होती की चालताना पाय जमिनीवर आपटत होते. चीड पोराची होती, हसणाऱ्यांची होती, त्या शिक्क्याची होती. आणि आणखी कोणाचीतरी होती, पण ते नाव ती घेत नव्हती.

तीन दिवस मायलेक बोलले नाहीत. चौथ्या दिवशी प्रितम जेवायला बसला तर समोर ताट नाही. दोन कागद, शेजारी शेजारी.

"भाग," येसूबाई म्हणाली.

"आये, भूक लागली हाय."

"आदी भाग, मग जेव."

भाग्यश्री दारात उभी होती. ती म्हणाली, "भागा ना. आकडेच आहेत, चावत नाहीत." प्रितमने मोबाइल काढला. आपला आकडा त्याला ठाऊक होता. बापाचे आकडे टाकले आणि नऊ आलं. त्याने पुन्हा टाकून बघितले, पुन्हा नऊच.

"माज्या वयाचा असताना त्याचा किती असल गो?"

"कोनी काढलाच नाय," येसूबाई म्हणाली. "आता जेव."

त्या दिवशी ताटात आलं निवट्यांचं कालवण, वाफवलेली मेथी आणि एकच भाकरी. भात नव्हता. प्रितमने दुसरी भाकरी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी तो आईबरोबर अमिता मॅडमच्या दवाखान्यात गेला. उपाशीपोटी साखर तपासली, ती काठावर निघाली. कंबर मोजली, प्रेशर घेतलं. मॅडम म्हणाल्या, "आत्ता गोळ्या नकोत. पाच महिने द्या. भात मुठीएवढा, कोल्ड्रिंक बंद, दारू बंद, रोज पाऊण तास झपाझप चालायचं. मग परत बघू."

ते पाच महिने घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. प्रितम चिडायचा, येसूबाई त्याच्या वर चिडायची. एकदा पेरूच्या पिशवीखाली कोल्ड्रिंकची बाटली सापडली तर तिने ती त्याच्याच हाताने मोरीत ओतायला लावली. रोज सकाळी तो घणसोली स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायचा. गावातली पोरं ओरडायची, "सात आला रे, सात!" तो शिव्या घालायचा आणि चालत राहायचा. तिसऱ्या महिन्यात पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तेव्हा मात्र ओरडणाऱ्यांपैकी दोघे येऊन हळूच विचारून गेले, "तुजा तो भागाकार कसा करतात रे?"

पाच महिन्यांनी रिपोर्ट आला तेव्हा येसूबाई नुकतीच बाजारातून येऊन पाय धूत होती. प्रितम आत आला. "एकशे वीस," तो म्हणाला. "आनि खालचा चालीस."

"तीन," येसूबाई म्हणाली.

"तीन! सातावरशी तीन, आये! मॅडम बोलल्या, अजून थोडा उतरल. साखर पन खाली आली." भाग्यश्रीने टाळ्या वाजवल्या, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रितमने आईला खांद्याला धरून हलवलं. "आता तरी हस ना गो! किती वर्सं तोंड पाडून बसलीस. जिंकलीस ना?"

येसूबाई हसली नाही. तिचा चेहरा असा झाला की प्रितमने हात काढून घेतला.

"पाच म्हयनं," ती म्हणाली. "गोली नाय, इंजेक्शन नाय, ऑपरेशन नाय. पाच म्हयन्यात उतरतो? इतक्यात?" तिचा आवाज चढत गेला. "मग त्या कॅम्पवाल्या मुडद्याला बोलाला काय झालेला? एक भागाकार! एवढाच?"

"आये, सोड आता ते."

"काय सोड? पयला कागद आला तवापासून तुज्या बापसाकडं पाच नाय, पंधरा म्हयनं व्हतं!"

येसूबाई ओल्या पायांनी तशीच उंबऱ्यावर बसली. पाच वर्षं तिने कॅम्पवाल्याला शिव्या घातल्या होत्या, कारखान्याला घातल्या होत्या, शिक्क्याला, देवाला, गिऱ्हाइकांना घातल्या होत्या. आता जे तोंडातून आलं ते इतक्या हळू आलं की भाग्यश्रीला वाकून ऐकावं लागलं.

"पंधरा म्हयनं," ती म्हणाली. "आनि त्यो निवट्यांचा वास मागायचा, तरी मी त्याला भात वाडत व्हते."