माळाचा पडदा

तर मायाप्पानं तो कॅमेरा उचलून कोकरासारखा मानेवर घेतला, तिथं काल चहा आला आणि गोष्ट राहिली. नवी पेठेत, भर दुकानात हं! जुने कॅमेरे विकणारा अनिमेष बघतच राहिला. "काका, हे काय करताय?"

"वजन बघतोय. मंगळवेढ्यापातूर यष्टी हाय, फुडं पायीच की."

मायाप्पा मेंढरांमागं वाढलेला. पुढं भवानी पेठेत, आमच्या शेजारीच, त्यानं फोटो स्टुडिओ टाकला. जन्मभर माणसं काढली, तीही एकाच पडद्यापुढं: बर्फाचे डोंगर, धबधबा, दोन हंस. आख्खी पेठ त्या धबधब्यापुढं बसली. बसली नाही ती एक त्याची बायको, कस्तुराबाई. म्हणायची, "हे कुटलं गाव म्हनायचं? माज्या माहेरचा माळ लावा मागं, मग बसते."

"लावू की," हा म्हणायचा.

मी आपला चिडवायचो, "वहिनी, तोवर हंसांना गवत तरी घाला!"

गेल्या साली कस्तुराबाई गेली. हार घालायला फोटो शोधला, तर आधार कार्डावरचा तेवढा एक. "त्यात मी कोंबडीचोर दिसते," असं तीच सांगत फिरायची. मायाप्पानं तोच मोठा करायला घेतला. मोठा करता करता चेहऱ्याचे नुसते ठिपके उरले. भिंतीवर हार घातलेले ठिपके. आणि बायको कुणाची, तर फोटोवाल्याची!

तेव्हा त्याच्या मनानं घेतलं. तिच्या माहेरी जाऊन माळाचा फोटो काढायचा आणि पडद्याएवढा करून लावायचा, तर आधी फिल्मच तळहाताएवढी पाहिजे. म्हणून हा मोठा कॅमेरा.

धातूच्या दांड्यावरचा पहिला कॅमेरा त्यानं लगेच खाली ठेवला. "ही तर मेंढी झाली की वो!" दुसरा लाकडी, पेटीसारखा मिटणारा. तो मानेवर गप बसला.

अडलं ते लेन्सपाशी. अनिमेष नव्वद एमएमची पुढं करत होता. "ही रुंद बघते काका, सगळा माळ बसेल."

मायाप्पानं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि मागच्या काचेत बघितलं. त्या काचेत सगळं उलटं दिसतं. मीही डोकावलो, तर रिक्षा आभाळातून पळत होत्या! मला हसू आवरेना. मायाप्पा हसला नाही.

"ह्यात समोरचा खांब काडी झालाय. माळावर तिचं हिवराचं झाड हाय, त्येच्या सावलीत ती मेंढरं बसवायची. ते पार लांब जाईल."

मग दीडशेची लावली. तो कापडाखाली बराच वेळ राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता.

"लई घाम येतो आत," म्हणाला. "हीच द्या. मानूस उभा ऱ्हाऊन बघतो, तशी बघती ही."

येताना वाटेत मला राहवलं नाही. म्हटलं, "मायाप्पा, वहिनी आता नाहीत. तो रिकामा माळ स्टुडिओत टांगून पुढं बसवणार कुणाला?"

त्यानं पेटी ह्या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

"माळ लावतो म्हनलो हुतो आण्णा, तेवढा लावतो. बसायचं तिचं ती बघंल."